१९७० च्या दशकात ओल्डहॅमसारख्या इंग्लंडमधल्या गिरणीच्या गावात रोजचं जगणं कसं होतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आजोबा १९७० च्या आसपास ओल्डहॅमच्या गिरणीत होते, त्याबद्दल घरी कधी काही बोलले नाहीत आणि घरातले म्हणतात, ‘विलायतेत मजेत होते’. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

मी १९६९ साली लग्न होऊन लालबागच्या चाळीतून थेट ओल्डहॅमला गेले. आमचे हे आधीच व्हाउचरवर, म्हणजे कामाच्या सरकारी परवान्यावर, तिकडे गेलेले, रिंग खात्यात (सूत कातायच्या) रात्रपाळीला. माझी आई परळच्या गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायला, आणि वडीलही गिरणीतच. त्यांच्या खात्यातल्या साच्यांवर, म्हणजे यंत्रांवर, ओतीव अक्षरांत ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ असं होतं. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण गावाचं नाव पाठ. स्थळ आलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे आपले साचे येतात तिथं?” एके काळी कापडगिरण्यांची यंत्रं बनवणारा जगातला सगळ्यात मोठा कारखाना तो. मुंबईच्या कितीतरी गिरण्या त्याच यंत्रांवर उभ्या राहिल्या.

आता मजेचं सांगते. भिंतीला भिंत लागलेली विटांची घरं, धुरानं काळी पडलेली. खाली दोन खोल्या, वर दोन. संडास मागच्या परसात, आणि थंडीत पाइप गोठू नये म्हणून त्यात रात्रभर रॉकेलचा छोटा दिवा ठेवायचा. चाळीत गॅलरीच्या टोकाला जावं लागायचं म्हणून मी कुरकुर करत असे. इथं बर्फातून जायचं. आंघोळीला पत्र्याचा टब, तो शेगडीपुढं आणायचा, नाहीतर पैसे देऊन सार्वजनिक स्नानगृहात. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंगचं नाणं टाकलं की तेवढ्यापुरता गॅस. अर्धी भाकरी तव्यावर आणि आच बसली की शिलिंगसाठी डबे धुंडाळायचे. फेब्रुवारी १९७१ मध्ये नाणी बदलली, शिलिंगचे पाच पेन्स झाले, पण भाकरी कच्ची राहायची ती राहिलीच. बाथरूम बऱ्याच वर्षांनी झालं, तेही सरकारी अनुदानातून.

कायद्यानं बायकांना रात्रपाळी बंद होती, म्हणून रात्रीचे साचे आपल्याकडची, पाकिस्तानातली, पूर्व पाकिस्तानातली माणसं चालवत. गोऱ्यांना नको असलेली पाळी, हे लपवून काय ठेवायचं? पोरवाल्या बायकांसाठी संध्याकाळची चार तासांची वेगळी पाळी असे, तिला ट्वायलाइट शिफ्ट म्हणत. मी त्या पाळीला, हे रात्रीला. मी घरी येईस्तोवर हे डबा घेऊन दारात उभे. नवरा-बायकोचं बोलणं त्या दारातच.

मधल्या वेळात पोरं शेजारच्या म्हातारीकडे. पोरं तिला नॅन म्हणत, मग मीही म्हणू लागले. ती तेराव्या वर्षी गिरणीत लागली होती, आधी मागावर, मग कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायला. मागांच्या खडखडाटात कान गेलेले, पण समोरच्याच्या ओठांवरून सगळं ओळखायची. तिकडच्या सगळ्या जुन्या विणकरणी तशा बोलत, तोंड मोठं उघडून, आवाज न काढता. त्याला मी-मॉ म्हणायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दारांत दोघी जणी उभ्या राहून अख्ख्या गल्लीच्या भानगडी आवाज न करता सांगायच्या. मी वाइंडिंगला लागल्यावर नॅननं मला स्वयंपाकघरात बसवून ते शिकवलं. इंग्रजी मला कानांनी नंतर समजायला लागलं, डोळ्यांनी आधी. सुपरवायझरच्या पाठीमागं बायका त्याच्याबद्दल काय बोलतात ते कळलं, तेव्हा त्या खात्यात मी रुळले.

नॅन कामावर होती तेव्हा दर सोमवारी तिची छाती भरून यायची. गिरणीचंच दुखणं ते. कार्डिंगच्या पिंजीची धूळ, दोन दिवस सुट्टी घेऊन परत गेलं की श्वास अडकायचा. तिकडे त्या रोगाला बिसिनोसिस असं नाव होतं आणि कागदावर भरपाईसुद्धा. परळला माझ्या आईच्या मैत्रिणींना तोच त्रास होता. त्यांना डॉक्टर ‘दमा’ म्हणून पुडी बांधून द्यायचा.

शुक्रवारी पगाराचं पाकीट आणि मासळी-चिप्स, म्हणजे तळलेली मासळी आणि बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी. चिप्स पहिल्यांदा आमच्याच गावात तळले असं ओल्डहॅमवाले छातीवर हात ठेवून सांगतात. रॅग पुडिंग म्हणून फडक्यात बांधून उकडलेला खिम्याचा प्रकार असतो, तो आजोबांनी खाल्ला असेल की नाही कोण जाणे. उन्हाळ्यात वेक्सची सुट्टी. सगळ्या गिरण्या एकदम बंद आणि सगळं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर. नॅन सांगायची, पूर्वी त्या आठवड्यातच धूर हटून डोंगर दिसायचे. आमच्या वेळेला धूर कमी झाला होता, तरी गल्ल्या ओस पडायच्या. उरायचो आम्ही देशी लोक, कुलूपबंद दुकानांपुढून पोरांना फिरवत.

आता कळीचं. माझा मोठा भाऊ, दादा, लालबागला गिरणीत टाइम ऑफिसात होता. १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. त्यातून गिरणगाव उठलंच नाही. तेव्हापासून दादाचं एकच पालुपद : “सामंतांनी गिरण्या बुडवल्या. कामगार माजले. तुमच्याकडे बघ, शिस्त असते.” चाळीस वर्षं हे ऐकतेय. पत्रातून ऐकलं, मग ट्रंक कॉलवर, आता व्हॉट्सॲपवर.

तर शिस्तीचं ऐका. आमच्या गिरणीत मी असताना एकही संप झाला नाही. १९७४ ला कोळसा खाणवाल्यांच्या भांडणापायी सरकारनं कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज दिली, तेव्हाही आमच्या बायका मिळाले त्या तासांत मुकाट काम करून गेल्या. एका सोमवारी मॅनेजर खात्यात आला, साचे बंद करायला लावले आणि हातातल्या कागदावरून वाचून दाखवलं की अमुक तारखेला गिरणी बंद. कानांना सवय नव्हती त्या शांततेची. कुणी घोषणा दिली नाही. माझ्या शेजारच्या बाकड्यावरची बाई तीस वर्षं तिथं होती. तिनं हातातला गाठी मारायचा चाप काढला, पुसला आणि विचारलं, चहाची सुट्टी आत्ताच धरायची का? पुढच्या आठवड्यांत लोक येऊन साच्यांना खडूनं नंबर घालून गेले. काही विकले, काही भंगारात.

आणि हे काही आमच्याच गिरणीचं नाही. १९५८ सालापासूनच इंग्लंड विकतं त्यापेक्षा जास्त सुती कापड बाहेरून आणायला लागलं होतं. पुढच्याच वर्षी सरकारनं कायदा करून, मालकांना पैसे देऊन, देशातल्या सूत कातायच्या जवळपास निम्म्या चात्या मोडीत काढवल्या. म्हणजे संप सोडा, न चालवण्याचे पैसे! मालकांनी साचे बदलले नाहीत, बाजार गेला, हाँगकाँग आणि हिंदुस्थानचं स्वस्त कापड आलं. ते कापड तुमच्या देशातलं, असं मला त्याच खात्यात ऐकवलेलं आहे. मी म्हणाले, माझ्या आईला विचारा ते किती स्वस्तात विणतात.

दादाला मी विचारते की मुंबईतले मालक तरी नवे साचे आणत होते का? वडिलांच्या हाताखालचेच साचे तिथं संपापर्यंत चालू होते. जमिनीला भाव आला तशी गिरणी चालवण्याची गरज संपली. संप हे निमित्त, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचं तर आजोबा बहुतेक रात्रपाळीला असतील, दिवसा झोपले असतील, एका घरात चार-पाच जणांबरोबर पाळीपाळीनं पलंग वापरला असेल, रस्त्यात ‘पाकी’ अशी हेटाळणीची हाक ऐकली असेल आणि घरी पैसे पाठवले असतील. न बोलण्यात काही गूढ नाही. सांगण्यासारखं वाटलं नसेल.

एक मात्र कबूल करायला हवं, नाहीतर दादा पकडेल. गिरणी बंद झाली तेव्हा तिकडे नोकरीच्या वर्षांप्रमाणे हातात रक्कम आली, १९६५ चा तसा कायदा होता. बेकारभत्ता होता, दवाखाना फुकट होता. दादाच्या दोस्तांनी देणी मिळवायला कोर्टात केस पांढरे केले. तो फरक मोठा आहे. आणि मी फक्त ओल्डहॅम पाहिलं, यॉर्कशायरच्या लोकरीच्या गिरण्यांचं मला विचारू नका.

घरात पुन्हा कुणी आजोबा मजेत होते म्हणालं तर त्यांना परसातला संडास सांगा. आणि दादा, वहिनीनं हे तुला पाठवलंच असेल. सगळं राहू दे, ओल्डहॅममध्ये सामंत कोण होता, तेवढं खाली लिही.