अंड्याचं लोणचं घरी कसं घालायचं, आणि ते फ्रीजबाहेर टिकेल का?

घरच्या गावरान कोंबड्यांची अंडी साठतात, त्यांचं लोणचं कसं घालायचं आणि कैरीच्या लोणच्यासारखं ते उन्हाळाभर बाहेर राहील का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही राहणार. अंड्याचं लोणचं घातल्या दिवसापासून संपेपर्यंत फ्रीजमध्येच ठेवायचं. घरी फ्रीज नसेल तर हे लोणचं घालूच नका.

कैरी मुळातच आंबट असते आणि मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं, म्हणून ती बाहेर टिकते. उकडलेल्या अंड्याचं तसं नाही. पांढरा भाग आंबटाच्या उलट, म्हणजे अल्कधर्मी असतो. बलकात आंबटपणा जवळजवळ नसतोच. व्हिनेगर बाहेरून हळूहळू आत झिरपतं आणि बलकाच्या गाभ्यापर्यंत पोचायला त्याला आठवडे लागतात. तोवर गाभ्यात ओल असते, हवा नसते, आंबटपणाही नसतो. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूला नेमकी अशीच जागा लागते. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. पीएच ४.६ च्या खाली तो वाढत नाही, वर मात्र वाढतो आणि बोट्युलिझम हा जीवघेणा आजार घडवणारं विष तयार करतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपून राहिलेली त्याची रूपं, मातीत सगळीकडे असतात आणि साध्या उकळीने मरत नाहीत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९९७ साली घरी घातलेल्या अशाच अंड्यांमुळे एका माणसाला बोट्युलिझम झाला होता. त्या अंड्यांना मसाला मुरावा म्हणून टूथपिकने टोचलं होतं आणि बरणी बाहेर, अधूनमधून उन्हातही ठेवली होती.

हे सांगायचं कारण म्हणजे रश्शात टाकताना अंड्याला चिरा द्यायची आपल्याला सवय असते. लोणच्याच्या अंड्याला चीर, भोक, काहीही नको. टोचलं की बाहेरचे बीजाणू थेट बलकात जातात. वरून तेल ओतून ठेवलं की टिकेल, हाही भरवसा इथे उलटा पडतो, कारण तेलामुळे उरलीसुरली हवाही बंद होते. तेलातलं मसालेदार अंड्याचं लोणचं करायचं असेल तर ती भाजी समजा: थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा.

आता अंडी. ताजं अंडं सोलताना फाटतं. अंडं जुनं होत जातं तसा त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांतून निघून जातो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि आतली पातळ त्वचा सुटी व्हायला लागते. म्हणून आठ-दहा दिवसांची, फ्रीजमध्ये किंवा थंडीच्या दिवसांत गार जागी ठेवलेली अंडी घ्या. अंडी ठेवताना धुऊ नका, उकडायच्या आधी धुवा. धुतल्याने कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि अंडं लवकर खराब होतं. खुडूक कोंबडीखालून निघालेली किंवा गंजीत, कुटारात उशिरा सापडलेली अंडी असतील तर अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं किंवा काळा डाग दिसला तर ते बाजूला काढा. पाण्यात तरंगणारं, तडा गेलेलं अंडंही नको. आठवडी बाजारातून आणलेल्या अंड्यांचं वय कळत नाही, तिथे तर ही पाण्याची परीक्षा घ्याच. गावरान अंडी लहान असल्याने लवकर मुरतात, त्यामुळे या कामाला बॉयलरच्या अंड्यांपेक्षा तीच चांगली.

एक लिटरच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत गावरान १२ अंडी बसतात, बॉयलरची आठ-नऊ. मोठ्या गंजात (पातेल्यात) पाणी उकळू द्या, झाऱ्याने अंडी हळूच सोडा आणि आच कमी करा. गावरान अंडी १२ मिनिटं, मोठी १४ मिनिटं. बलक पूर्ण घट्ट हवा, मऊ बलकाचं अंडं लोणच्याला चालत नाही. वेळ फार वाढवली तर बलकाभोवती हिरवट-काळं कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा तो परिणाम. खायला धोका नाही, पण लोणच्यात दिसायला वाईट दिसतं. उकडल्याबरोबर अंडी माठाच्या थंड पाण्यात टाका. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे टाकीच्या नळाला गरमच पाणी येतं, त्यात अंडी निवत नाहीत आणि आतल्या आत शिजत राहतात. दहा मिनिटांनी बुडाकडची, म्हणजे रुंद बाजू आपटून फोडा. तिथे हवेची पोकळी असते, त्वचा तिथूनच सुटते. पाण्याखाली धरून सोला. पांढरा भाग फाटलेलं अंडं बरणीत घालू नका, ते त्याच दिवशी भाजीत टाका.

व्हिनेगरकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या सिंथेटिक व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, बाटलीवर आकडा छापलेला असतो. परदेशी कृती ५ टक्क्यांच्या व्हिनेगरच्या असतात, म्हणून त्यांत पाणी घालायला सांगतात. आपल्या ४ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये एक थेंबही पाणी घालू नका. चायनीजच्या गाडीवाल्यांकडचं बिनलेबलचं सुटं व्हिनेगर घेऊ नका, त्याची तीव्रता कळायला मार्ग नसतो. घट्ट ॲसेटिक ॲसिड आणून घरी पातळ करायच्या फंदात तर अजिबात पडू नका, त्याने कातडी भाजते. लिंबाचा रस, चिंच, ताक यांचा आंबटपणा दर वेळी वेगळा असतो, त्यामुळे त्यांच्या भरवशावर हे लोणचं घालता येत नाही.

१२ गावरान अंड्यांना ६०० मिली व्हिनेगर घ्या. बरणीत जाईल त्यापेक्षा थोडं जास्तच होईल, पण कमी पडून मग पाणी घालावं लागण्यापेक्षा ते बरं. त्यात दोन चहाचे चमचे मीठ, एक मोठा चमचा साखर, १० काळे मिरे, ४ लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एक चहाचा चमचा मोहरी, एक तेजपान आणि ४ सुक्या मिरच्या. भिवापुरी मिरची मिळाली तर उत्तम, तिचा रंगही छान उतरतो. लसूण हवा असेल तर ७-८ सोललेल्या पाकळ्या, पण त्या व्हिनेगरमध्ये उकळून घ्यायच्या, कच्च्या बरणीत टाकायच्या नाहीत. लसूण कधी कधी निळा-हिरवा पडतो. तो आम्लाचा परिणाम आहे, त्याने काही बिघडत नाही. पिवळा रंग हवा तर पाव चमचा हळद, गुलाबी हवा तर शिजवलेल्या बीटाच्या दोन चकत्या. सावजीचा किंवा कुठलाही कुटलेला मसाला घालू नका. चवीला हरकत नाही, पण पाणी गढूळ होतं, आणि पाणी बिघडलं की काय हे मग ओळखता येत नाही. सावजीची चव हवीच असेल तर दगडफूल, धने, सुंठ अख्खे टाका.

हे सगळं स्टीलच्या गंजात झाकण ठेवून उकळी आणा आणि मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) किंवा पितळेचं भांडं नको, आम्ल धातूला खातं. बरणी आधी दहा मिनिटं पाण्यात उकळून घ्या आणि गरम असतानाच वापरा. थंड काचेवर उकळतं व्हिनेगर पडलं की ती तडकते. चिनी मातीची जुनी बरणी यासाठी नको, तिच्या झिलईत शिसं असू शकतं. झाकण प्लास्टिकचं घ्या, पत्र्याचं गंजतं. बरणीत अंडी सैल भरा, दाबू नका. वरून उकळतं व्हिनेगर मसाल्यासकट ओता. प्रत्येक अंडं पूर्ण बुडलं पाहिजे. तरंगत असतील तर एक लहान काचेची वाटी पालथी घालून दाबून ठेवा. वाफ जिरली की लगेच फ्रीजमध्ये, रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका.

गावरान अंडी दोन आठवड्यांत मुरतात, मोठ्या अंड्यांना तीन-चार आठवडे लागतात. मुरल्यापासून तीन महिन्यांत संपवा. काढताना स्वच्छ कोरडा चमचा वापरा, हात घालू नका. ताटात वाढलेलं अंडं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ते परत बरणीत जाणार नाही. भाकरीसोबत खाताना उभं कापून वर कच्चा कांदा आणि सांबार (कोथिंबीर) घाला, सुरेख लागतं.

खेड्यात अडचण लाईनची. फ्रीज उघडला नाही तर लाईन गेल्यावरही साधारण चार तास आतली थंडी टिकते. त्याहून जास्त वेळ लाईन नसेल आणि बरणी हाताला गार लागत नसेल तर अंडी फेकायची. म्हणून उन्हाळ्यात सहा अंड्यांची लहान बरणी घाला. मोठी बरणी घालायची तर हिवाळ्यात, तेव्हा लाईन गेली तरी फ्रीज लवकर तापत नाही.

काय बिघडतं? पांढरा भाग रबरासारखा झाला तर अंडी जास्त उकडली गेली किंवा फार दिवस व्हिनेगरमध्ये राहिली. आयोडीनच्या बारीक मिठाने पाण्याला किंचित धूसरपणा येतो, तो चालतो. पण पाण्यात बुडबुडे, चिकट तार, बुरशी, फुगलेलं झाकण किंवा कुजका वास आला तर सगळं खोल पुरून टाका. ती अंडी कोंबड्यांना किंवा कुत्र्याला घालू नका. बोट्युलिझमच्या विषाला मात्र ना वास असतो ना चव, त्यामुळे चाखून बघणं ही परीक्षा होऊच शकत नाही. खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत, कधी त्याहूनही उशिरा, एकाचे दोन दिसायला लागले, पापण्या जड झाल्या, गिळताना किंवा बोलताना अडखळायला लागलं तर घरगुती उपाय न करता थेट जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. यावर प्रतिविष असतं, पण ते लवकर मिळायला हवं.

अंडी संपल्यावर उरलेल्या व्हिनेगरमध्ये नवी अंडी टाकायचा मोह होतो. तसं करू नका. आधीच्या अंड्यांनी त्यातलं आम्ल ओढून घेतलेलं असतं आणि त्यांचं पाणी त्यात उतरलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या घाण्याला पुरेसा आंबटपणा उरत नाही.