कडक बाप, मऊ आई आणि खुंटीवरची किल्ली

अमळनेर तालुक्यातलं कापसाचं घर. मुलगा साडेपंधरा वर्षांचा, दहावीत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) क्लासला जातो म्हणून निघतो आणि रात्री दहाला उगवतो. न विचारता वडिलांची मोटारसायकल काढतो, पाकिटातल्या शंभराच्या नोटा कमी होतात. वडिलांचं म्हणणं, "दोन रट्टे बसल्याशिवाय सुधरायचा नाही." आईचं म्हणणं, "मारून मारून कोडगा झालाय, जरा समजावून सांगा." आजीचं तिसरंच, "जाऊ दे, आजून लहान शे तो." समुपदेशनाला आल्यावर तिघांचा प्रश्न मात्र एकच होता: आमच्यात बरोबर कोण?

असा निवाडा समुपदेशकाने करू नये. एकाच्या बाजूने कौल दिला की दुसरा पुढच्या वेळी येत नाही. म्हणून आधी एक साधी वही घालायला सांगितली. पंधरा दिवस फक्त चार गोष्टी लिहायच्या: काय घडलं, किती वाजता, कोण काय बोललं किंवा केलं, आणि त्यानंतर तासाभरात काय झालं.

खरी माहिती त्या चौथ्या रकान्यात निघाली. मुलगा चार वेळा उशिरा आला होता. एकदा "कोठे व्हता रे इतला येळ?" म्हणत वडिलांनी पट्टा काढला. एकदा ते फवारणी करून थकून झोपले होते, काहीच झालं नाही. एकदा आजीने मागच्या दाराने घेऊन गुपचूप जेवायला वाढलं. चौथ्यांदा मोबाईल काढून घेतला आणि क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲपवर येतात म्हणून सकाळी परत दिला. पट्ट्याच्या रात्री तासाभराने काय झालं? आईने डोळे पुसत त्याच्या हातात शंभराची नोट ठेवली.

चूक एक, निकाल चार. यातून पोरगा 'साडेआठला घरी' हा नियम शिकला नाही, तो वडिलांचा रागरंग ओळखायला शिकला. ओट्यावर वडिलांच्या चपला दिसल्या की गोठ्याकडून आत, नाही दिसल्या की पुढच्या दाराने.

माराचा तोटा इथे दिसतो. हात उगारलेला असेपर्यंतच त्याची भीती टिकते. काय करायचं हे मारातून कळत नाही, काय लपवायचं हे चांगलं कळतं. शिवाय मार खाल्ला की हिशेब मिटला असं मुलाला वाटतं. पैसे परत करायचे राहूनच जातात. पण म्हणून आईची समजूत पुरेशी होती असंही नाही. ती रात्री अकराला पाऊण तास बोलायची. पंधरा वर्षांचं पोर तिसऱ्या वाक्यानंतर ऐकत नसतं, आणि बोलणं संपल्यावर काहीच बदलत नसेल तर ते ऐकायचं कारणही उरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या पद्धतींची जी वर्गवारी मांडली, तिच्यात नुसता धाक आणि नुसती सूट हे दोन वेगळे प्रकार आहेत. मुलांना मानवतो तो तिसरा प्रकार, जिव्हाळा आणि लगाम दोन्ही असलेला. या घरात दोन्ही होतं, पण वाटून घेतलेलं: लगाम बापाकडे, जिव्हाळा आईकडे.

पुढची पायरी नियम कमी करण्याची. वडिलांच्या यादीत चौदा होते, केसांच्या कटिंगपासून आंघोळीच्या वेळेपर्यंत. तीन ठेवले: वेळ, खरं ठिकाण सांगणं, पैसे विचारून घेणं. मोटारसायकल यादीत घेतलीच नाही, कारण ती मुलाशी वाटाघाटीची बाब नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर लटकत होती. ती कुलपाच्या कपाटात गेली. समोर टांगून ठेवायची आणि हात लावला की मारायचं, याला शिस्त म्हणत नाहीत.

मग परिणाम ठरवले, मुलाला समोर बसवून. परिणाम लहान हवा, चुकीशी जोडलेला हवा आणि एक-दोन दिवसांत संपणारा हवा. साडेआठनंतर पंधरा मिनिटांची सूट, त्यापुढे उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी सातला घरी. मोबाईल रात्री दहाला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, नाही ठेवला तर दुसऱ्या संध्याकाळी मिळणार नाही. घेतलेले पैसे खर्चीच्या पैशातून आठवड्याला पन्नास रुपये याप्रमाणे फेडायचे. 'महिनाभर मोबाईल बंद' असलं काही नको. कुठलंच घर महिनाभर ते पाळू शकत नाही, आणि सगळं एकदमच गेलं की मुलाला गमवायला काही उरत नाही.

वडिलांची आवडती धमकी होती, "उद्यापासून निंदणीला पाठवतो." तीही बंद केली. शेती ही शिक्षा म्हणून दाखवायची आणि पोराला शेतीची आवड नाही म्हणून रडायचं, हे खानदेशात बऱ्याच घरांत चालतं.

उशिरा आला तर बोलायची वाक्यं दोनच: "सव्वानऊ झाले. उद्या सात." मग जेवण. का, कुठे, कोणाबरोबर हे दुसऱ्या दिवशी, शेताकडे चालता चालता. समोरासमोर बसवलं की या वयाची मुलं गप्प होतात, शेजारून चालताना बोलतात. जेवण आणि अबोला ही दोन हत्यारं कोणीच वापरायची नाहीत. आजीने जेवायला जरूर वाढावं, माफी मात्र देऊ नये. ज्याने परिणाम सांगितला त्यानेच तो पूर्ण करायचा, दुसऱ्याने कमी करायचा नाही की वाढवायचा नाही. नवरा-बायकोचं पटलं नाही तर मुलगा झोपल्यावर दहा मिनिटं भांडावं. आणि हात शिवशिवला तर ओट्यावर जाऊन बसायचं, "सकाळी बोलू" एवढंच म्हणून.

पहिले दहा दिवस घर आणखी बिघडलं. ही अवस्था आधी सांगितली नाही तर पालक नेमके इथेच सोडून देतात. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती सोडण्यापूर्वी जोर लावून बघतं. चौथ्या दिवशी "घर सोडून जाईन" झालं, आईने घाबरून गुपचूप पैसे दिले. नवव्या दिवशी वडिलांनी थोबाडीत मारली. तेव्हा सगळं गुंडाळायचं नसतं. वडिलांनी सकाळी म्हटलं, "हात उचलला ते माझं चुकलं. सातचं मात्र आहे." माफी हाताची, नियमाची नाही. पोरगं डोक्यावर चढेल ही आजीची भीती होती. तसं झालं नाही. बापाची चप्पल पोराच्या पायात बसू लागली की मित्रासारखं वागावं, असं म्हणतात. या घरात ती दीड वर्षापूर्वीच बसायला लागली होती.

मुलाशी एकट्याने झालेल्या बोलण्यात कळलेली, आणि त्याच्या परवानगीने घरी सांगितलेली, एक गोष्ट वेगळी होती. गणित येत नव्हतं, क्लासमध्ये फळ्यासमोर उभं करून हसं व्हायचं, म्हणून तो स्टँडवर वेळ काढायचा. 'करत नाही' आणि 'येत नाही' यातला फरक आधी तपासावा, येत नाही त्यावर शिस्तीचा उपाय लागू पडत नाही. क्लास बदलला आणि उशिराच्या निम्म्या घटना तिथेच थांबल्या.

मूल दोन आठवड्यांहून जास्त झोपत किंवा जेवत नसेल, मित्र तोडत असेल, नशा करत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. "नाटक करतोय" म्हणून परीक्षा पाहू नये.

सहाव्या आठवड्यात एका रात्री तो सव्वानऊला आला. चपला ओट्यावर होत्या, तरी पुढच्या दाराने. "माहीत आहे, उद्या सात," असं फणकाऱ्याने म्हणून ताटावर बसला. वडील पुढे काही बोलणार होते, आईने भाकरी वाढता वाढता नुसतं बघितलं. आता त्यांचा नवा प्रश्न कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या, जागरणाचा आहे: त्या रात्री साडेआठचं काय? सूट द्यावी, पण किती वाजेपर्यंत आणि कोणाच्या घरी, हे सण सुरू होण्याच्या आधी ठरवावं, दारात उभं राहून नाही.