टॉवरविषयी बोलताना: ‘काळजीचे कारण नाही’ म्हटल्यावर लोक का चिडतात?

प्रश्न: वस्तीजवळ उभ्या राहणाऱ्या मोबाइल टॉवरविषयी रहिवाशांना समजावण्याचे काम अभियंता म्हणून माझ्याकडे आले आहे. पहिल्या सभेत मी सांगितले, की रेडिएशन मर्यादेच्या खूप खाली राहील, काळजीचे कारण नाही. त्यावर लोक अधिकच चिडले. माझे काय चुकले?

उत्तर: आपली माहिती बरोबर होती, मात्र टॉवर येथेच का आणि हे कोणी ठरवले, हा लोकांचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. स्वतः पत्करलेल्या धोक्यापेक्षा न विचारता लादलेला धोका माणसाला मोठा वाटतो, हे जोखमीच्या आकलनाचा अभ्यास करणाऱ्या पॉल स्लोविक यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले आहे. त्यामुळे ‘टॉवरपेक्षा कानाशी धरलेल्या फोनमुळे शरीरात अधिक ऊर्जा शोषली जाते’ हे सहसा खरे असले, तरी ते प्रतिटोला म्हणून सांगू नये. फोन त्यांनी स्वतः निवडलेला असतो.

मर्यादा कशी ठरते तेही उलगडून सांगा. शरीराचे तापमान अपायकारक प्रमाणात वाढू शकेल अशी पातळी आधार धरून, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसामान्यांसाठीची मर्यादा तिच्या पन्नासाव्या भागाइतकी ठेवलेली असते.

सभेत कोणीतरी कर्करोगाचा विषय काढेलच, आणि तो आपणच आधी काढलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२ ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते नव्हे. हा फरक सावकाश समजावून सांगावा लागतो. मात्र ‘त्या यादीत लोणचीही आहेत’ असे म्हणून तो उडवून लावल्यास आईबापांची भीती हसण्यावारी नेल्यासारखे होते, आणि ते मला अक्षम्य वाटते.

‘खबरदारी म्हणून’ हा शब्दप्रयोगही जपून वापरा. खबरदारीचे उपाय जाहीर केल्याने चिंता कमी होण्याऐवजी वाढू शकते, असे प्रयोगांत आढळले आहे. उपाय लपवू नयेत, पण प्रत्येकाचे कारण सोबत द्यावे.

पुढच्या सभेआधी रहिवासी दाखवतील त्या ठिकाणी, त्यांच्यासमोर मोजमाप करा. टॉवर सुरू झाल्यावर तेथेच पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मर्यादेशेजारी मांडून लोकांना द्या. जागा अजून बदलता येत असेल तर सभेच्या आरंभीच तसे सांगा. बदलता येत नसेल तर तेही तेव्हाच सांगा.