‘आण्विक मेघ’ की ‘रेणुमेघ’?

प्रश्न असा आहे: ‘आंतरतारकीय आण्विक मेघांच्या रेडिओ वर्णरेषा’ हे बरोबर आहे का? रेडिओ लहरींना रंगच नसतो, मग ‘वर्ण’ कशाला?

‘वर्णरेषा’, म्हणजे ठरावीक वारंवारतेला मिळणारी अणू-रेणूंची खूण, खुशाल ठेवा. खटकायला हवा तो ‘आण्विक’. हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू आणि ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, म्हणून तिथे ‘आणविक मेघ’ म्हणजे रेणूंचा मेघ. अणुबॉम्ब, अणुभट्टी म्हणणारा मराठी वाचक ‘आण्विक मेघ’ म्हणजे सुट्या अणूंचा मेघ असंच समजणार, आणि इथे तर तेच नको आहे.

कारण आकाशात दोन्ही प्रकारचे मेघ आहेत आणि त्यांची खूण वेगवेगळी. सुट्या हायड्रोजन अणूंची रेषा १४२०.४ मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीला सापडते. थंड, दाट मेघात मात्र दोन-दोन अणू जुळून हायड्रोजनचे रेणू झालेले असतात. या रेणूची दोन्ही टोकं सारखीच, विद्युतभार एका बाजूला झुकलेला नाही. त्यामुळे तो गरगर फिरला तरी रेडिओ रेषा देत नाही. मग मेघाचा ठाव कार्बन मोनॉक्साइडवरून घ्यावा लागतो. त्याचा रेणू पहिल्या घूर्णन (स्वतःभोवती फिरण्याच्या ऊर्जेच्या) पातळीवरून तळाला उतरताना ११५.२७ गिगाहर्ट्झची, २.६ मिलिमीटरची रेषा सोडतो. १९७० साली ती मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात सापडली.

तेव्हा ‘रेणवीय मेघ’ लिहा, किंवा त्याहून सुटसुटीत ‘रेणुमेघ’. सुटा ‘रेणू’ दीर्घ, पण समासात आधी आला की ऱ्हस्व.

आता ‘वर्ण’. वर्णपटमापकात प्रकाश अरुंद फटीतून आत घेतात. दिसते ती त्या त्या रंगातली फटीची प्रतिमा, म्हणून ‘रेषा’. रेडिओ दुर्बिणीत ना ती फट, ना रंग. वारंवारतेचा पट्टा शेकडो-हजारो बारीक भागांत विभागतात आणि आलेखावर टोक वर आलेलं दिसतं. तरी नाव टिकलं, कारण वारंवारतेनुसार केलेली मांडणी म्हणजे वर्णपट, हा अर्थ केव्हाच रुळला. फक्त ‘रेषेची जाडी’ म्हणू नका, ‘रुंदी’ म्हणा. ती मोजायची राशी आहे. वायू आपल्याकडे येत किंवा दूर जात असला की रेषेची वारंवारता किंचित सरकते, म्हणून रुंदीवरून वेग कळतात: कार्बन मोनॉक्साइडची ही रेषा ३८५ किलोहर्ट्झ रुंद भरली, तर मेघातल्या वायूचे वेग सेकंदाला सुमारे १ किलोमीटर इतके पसरलेले आहेत.