स्लोव्हेनियात ल्युब्लियाना आणि ब्लेड झाल्यावर एक दिवस उरतो. इतिहास असलेलं एखादं लहान गाव सुचवाल का?

डोळे झाकून श्तान्येल सांगेन. पश्चिम स्लोव्हेनियातल्या क्रास पठारावर, इटलीच्या सीमेपासून जवळ. मी काही काळ सीमेपलीकडे इटलीतल्या ट्रिएस्टला, अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या भौतिकशास्त्र केंद्रात होतो. तिथले आम्ही भारतीय सुट्टी मिळाली की सीमा ओलांडून क्रासवर भटकायचो, त्यामुळे हे गाव चांगलं पायाखालचं आहे.

बहुतेक लोक इथे येतात, बुरुजाशी फोटो काढतात, विपावा खोऱ्याकडे बघून 'वा' म्हणतात आणि निघतात. तुम्ही पाण्याचा माग काढत फिरा. क्रास म्हणजे चुनखडीचं पठार. भूगोलात शिकलेल्या कार्स्ट भूरूपांना नाव याच पठारावरून मिळालं. पाऊस भरपूर, पण पडलेलं पाणी खडकाच्या भेगांतून थेट पाताळात. वर नदी नाही की ओढा नाही. अशा टेकडीवर माणसं शेकडो वर्षं राहिली ती कशी, हे गाव नीट बघितलं की समजतं.

गावात 'क्रास घर' म्हणून जुनं घर जपून ठेवलंय. आत शिरायची घाई करू नका. आधी छपराकडे बघा. वर कौलं नाहीत, चुनखडीच्या फरश्या एकीवर एक रचल्यात. पावळीचं पाणी धरणारी पन्हळसुद्धा दगडाचीच, भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी हातांवर टेकवलेली. तिच्यातून पाणी जातं टाक्यात. सह्याद्रीतल्या गडांवरची टाकी पाहिलेल्या माणसाला हा हिशोब लगेच कळेल. इथे मात्र छप्परच पाणलोट, आणि ज्याचं छप्पर मोठं त्याचा उन्हाळा सुखाचा. टाक्याला इकडे श्तिर्ना म्हणतात. तिच्या तोंडावर दगडी कडं असतं, ऐपतीप्रमाणे साधं किंवा कोरीव. गुरांसाठी गावाबाहेर मातीने लिंपलेलं तळं असायचं.

दुसरी गोष्ट वारा. हिवाळ्यात ईशान्येकडून बुर्या सुटतो, ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत जातात. म्हणून घरांनी त्या दिशेला पाठ केलेली, त्या भिंतींना खिडक्या जवळपास नाहीतच. पण हाच कोरडा वारा डुकराच्या मांड्या सुकवतो, आणि क्रासचं हे सुकवलेलं मांस, प्रशुत, त्यामुळेच नावाजलेलं आहे. शाकाहारी असाल तर तांबड्या मातीतल्या द्राक्षांची तेरान वाइन आहेच. चांगलीच आंबट असते, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल.

इतिहास थोडक्यात: वस्ती फार जुनी, तुर्कांच्या स्वाऱ्यांच्या काळात तटबंदी झाली, पुढे किल्ला कोबेन्झल घराण्याकडे आला. व्हिएन्नाजवळच्या कोबेन्झल टेकडीचं नावही त्याच घराण्याचं. पहिल्या महायुद्धात सोचा नदीची आघाडी जवळच होती; त्या वेळचं ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांचं कब्रस्तान गावाखाली आहे, मधोमध ग्रीक देवळासारखं स्मारक. दुसऱ्या महायुद्धात किल्ला आणि बरंच गाव जळालं. आज दिसतं त्यातलं पुष्कळसं नंतर उभं केलेलं आहे. किल्ल्यात चित्रकार लोयझे स्पात्सालच्या कामाचं दालन आहे, तेही बघा.

खरा वेळ द्या तो माक्स फाबियानीला. हा वास्तुरचनाकार १८६५ मध्ये शेजारच्या कोब्दिलमध्ये जन्मला. व्हिएन्नातली उरानिया इमारत त्याची. १८९५ च्या भूकंपानंतर ल्युब्लियानाचा नवा आराखडाही त्याने केला. पहिल्या महायुद्धानंतर मात्र व्हिएन्ना सोडून तो इकडच्या गोरित्सिया भागात परतला आणि उद्ध्वस्त गावांची पुनर्बांधणी हाती घेतली. श्तान्येलच्या उतारावर ट्रिएस्टच्या फेरारी नावाच्या डॉक्टर नातेवाइकासाठी त्याने दगडी बांधांच्या पायऱ्यापायऱ्यांवर बाग रचली, आणि तिच्यात चक्क लंबगोल तलाव, वर कमानीचा छोटा पूल. पाणी अर्थात पावसाचंच, साठवून खेळवलेलं. जिथे बादलीचाही हिशोब व्हायचा तिथे शोभेचा तलाव! मला ती बाग आवडते, पण थोडा माजही वाटतो.

या माणसाबद्दल माझं मत तसंही दुहेरीच आहे. ट्रिएस्टमधलं स्लोव्हेन लोकांचं सांस्कृतिक भवन, नारोदनी दोम, त्यानेच बांधलं, आणि १९२० मध्ये फॅसिस्टांनी ते पेटवून दिलं. हा सगळा मुलूख तेव्हा इटलीकडे गेला होता, स्लोव्हेन भाषेवर बंदी आली होती. असं असताना १९३५ पासून १९४५ पर्यंत फाबियानी श्तान्येलचा महापौर होता, म्हणजे त्याच राजवटीने नेमलेला. गाव सांभाळायला खुर्ची घेतली, असं त्याची बाजू घेणारे म्हणतात. असेलही. बागेत हिंडताना हे माहीत असलेलं बरं.

जायचं कसं? ब्लेडला मुक्काम असेल तर गाडी भाड्याने घेऊ नका, ब्लेड येझेरो स्टेशनवरून रेल्वेने जा. १९०६ मध्ये सुरू झालेला हा डोंगरी मार्ग सोल्कानजवळ सोचा नदी ओलांडतो, ८५ मीटरच्या एकाच दगडी कमानीवरून. दगडी रेल्वे पुलांत जगात एवढी मोठी कमान दुसरी नाही. नोवा गोरित्साला गाडी बदलावी लागते. पुढे श्तान्येलकडच्या गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, वर चढून जावं लागतं, आणि गावातली फरसबंदी पावसात निसरडी होते. बूट चांगले घाला.