बोंडाच्या किड्याचा पुतळा

प्रश्न : सर, व्हॉट्सॲपवर फिरतंय की अमेरिकेत एका गावानं कापसाच्या किडीचा पुतळा उभारलाय आणि लोक त्याला हार घालतात. आम्ही २०१७ ला बोंडअळीनं जे बसलो ते अजून उठलो नाही. ही गोष्ट खरी की थाप? खरी असली तर त्या लोकांचं डोकं ठिकाणावर होतं का?
— एक कापूस उत्पादक, मानवत, जि. परभणी

उत्तर : हार घालतात ही थाप. पुतळा मात्र खरा. गाव एंटरप्राइज, काउंटी कॉफी, राज्य अलाबामा. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. माझा पुतण्या अटलांटाला असतो. त्याच्या मागं लागून मी त्याला चार तास गाडी हाकायला लावली आणि फोटो मागवला. भर चौकात पांढरीशुभ्र बाई, दोन्ही हात वर, आणि हातातल्या तबकात काळा, लांब सोंडेचा किडा. खाली पुतण्यानं लिहिलं होतं, ‘काका, ह्याच्यासाठी पेट्रोल जाळलं?’

११ डिसेंबर १९१९ ला पुतळा उभा राहिला तेव्हा त्यावर किडा नव्हताच, नुसती बाई. किडा बसला १९४९ ला. मग तो उपटून न्यायचा पोरांना नादच लागला. १९९८ ला तर बाईचीच मोडतोड झाली. मूळ पुतळा आता तिथल्या म्युझियममध्ये आहे, चौकात आहे ती नक्कल.

किडा आपला नव्हे. गुलाबी बोंडअळी ही पतंगाची अळी. त्यांचा तो बोल वीव्हिल म्हणजे ज्वारीच्या पोत्यातल्या सोंड्याचा थोराड भाऊबंद. मादी सोंडेनं पात्याला, म्हणजे न उमललेल्या कळीला, भोक पाडते, आत अंडं घालते, पातं पिवळं पडतं आणि गळतं. तीनेक आठवड्यांत पुढची पिढी तयार. १८९२ च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि १९१५ च्या आसपास कॉफी काउंटीत पोचला. तिथं तेव्हा सगळी भिस्त कापसावर. दुकानदार खत-बियाणं उधारीवर द्यायचा, पण कापूस पेरणार असाल तरच. हे वाचताना मला एक-दोन ओळखीचे चेहरे आठवले. नावं घेत नाही.

२०१७ ची जखम माझीही आहे. दुधनाकाठी आमचं तीन एकर. पऱ्हाटी छातीला लागलेली, बोंडं टपोरी. पितृपाटात काही फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटून बसलेली दिसली. डोमकळी, म्हणजे आत अळी शिरल्याची खूण. मी जन्मभर कृषी सहायक म्हणून ‘डोमकळी दिसली की तोडा’ असं सांगत बांधाबांधानं हिंडलो, आणि स्वतःच्या रानात म्हटलं, दोन-चारच तर आहेत. दिवाळीनंतर वेचणी करताना बायकोनं एक बोंड नखानं फोडून माझ्यापुढं धरलं. सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला, आत गुलाबी अळी वळवळती. ती बोलली काहीच नाही. ओट्यात निम्मी कवडीच, म्हणजे किडका कापूसच होता.

तेव्हा तुमचा प्रश्न मला कळतो. आता एंटरप्राइजमध्ये काय झालं ते ऐका. १९१६ ला एच. एम. सेशन्स नावाच्या गृहस्थानं भुईमुगाचा घाट घातला आणि सी. डब्ल्यू. बॅस्टन नावाच्या कर्जबाजारी शेतकऱ्याला त्यात ओढलं. मला तर वाटतं, बुडालेलाच तयार झाला असणार. गाठीला चार पैसे असलेला माणूस दुसऱ्याचं रान कसं येतं हे बघत बसतो. पहिल्याच पिकात कर्ज फिटलं. आणि त्या शेंगा आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी नेल्या त्या बियाण्याला. वर्षभरात ही काउंटी भुईमुगात साऱ्या देशात पुढं गेली. मग बॉन फ्लेमिंग नावाच्या व्यापाऱ्यानं पुतळ्याची कल्पना काढली, पैसाही घातला. खाली कोरलंय ते असं, की किडा हा समृद्धीची वर्दी घेऊन आला, म्हणून गावकऱ्यांकडून त्याचे आभार.

डोकं ठिकाणावर होतं. पण कल्पना व्यापाऱ्याची, हे विसरू नका. दक्षिणेत दुसऱ्याच्या रानात बटईनं राबणारी लाखो काळी कुटुंबं होती. त्यांच्या हातात ना जमीन, ना पीक बदलायची मुभा. कापूस गेला की त्यांची हिशेबाची वही तेवढी लाल व्हायची. त्यातले कितीतरी शिकागो, डेट्रॉइटकडं निघून गेले. वर्णद्वेषाचा जाच, कारखान्यांतली मजुरी अशी कारणं अनेक होती, त्यातलं एक हा किडा. त्यांच्यातल्या कुणाला विचारलं असतं तर चौकात बाई उभी राहिली नसती.

किडा शेवटी हटला तो पुतळ्यानं नव्हे. १९७८ पासून सरकार आणि शेतकऱ्यांनी मिळून मोहीम घेतली, रानोरान कामगंध सापळे, म्हणजे मादीसारखा वास सोडून किडा ओढणारे सापळे, लावले, एकही शिवार सोडलं नाही. आपल्याकडं मी सापळे लावायचे आणि शेजाऱ्यानं जानेवारीपर्यंत फरदड, म्हणजे वेचणी संपलेली पऱ्हाटीच पुढं राखून, ठेवायची, असं चालतं.

आणि भुईमूग लावू का, असं विचारणार असाल तर जरूर लावा. रात्री राखणीला माणूस असेल तर. माझा अर्धा एकर काढणीच्या आदल्या रात्री रानडुकरांनी नांगरला.

प्रश्न : जॉर्ज कार्व्हरनं पीनट बटरचा शोध लावला, असं मी वक्तृत्व स्पर्धेत सांगितलं. परीक्षकांनी गुण कापले. चूक कुणाची?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : बाळ, तुझी. पीनट बटरसारख्या पदार्थाचं पेटंट १८८४ ला कॅनडातल्या मार्सेलस एडसननं घेतलं होतं. कार्व्हर हा काळा शेतीशास्त्रज्ञ. अलाबामातल्या टस्कीगी या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेत तो शिकवायला आला तो १८९६ ला. त्यानं भुईमुगाचे शेकडो उपयोग दाखवले, पण त्याहून मोठं काम म्हणजे कापसानं खंगलेल्या जमिनीत शेंगवर्गीय पीक घ्या, हे तो सांगत राहिला. पुढच्या वेळी १९०६ ची गोष्ट सांग. टस्कीगीनं खेचराची एक गाडी बनवली, तीत अवजारं आणि बियाणं भरलं, आणि थॉमस कॅम्पबेल नावाचा तरुण ती घेऊन गरीब शेतकऱ्यांच्या दारोदार गेला. मी तेच काम पुढं लुनावर केलं. त्याच्या खेचराला प्लग साफ करावा लागत नसे, एवढाच फरक.