घरी ससा आणण्याआधी काय तयारी करावी?

दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, मुलगी आठ वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात ससा आणायचाय, तर पिंजरा केवढा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. नागपुरात आमच्या घरी गेली काही वर्षं ससे आहेत. माझं ऐकाल तर पिंजऱ्याचं शेवटी बघा. आधी डॉक्टर शोधा आणि मग घरातली जमीन नीट करा.

डॉक्टर आधी, कारण ससा आजारी पडल्यावर शोधाशोध करायला वेळच मिळत नाही. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत. फोन करून सरळ विचारा, "तुमच्याकडे ससे नेहमी येतात का? त्यांची नसबंदी करता का?" हे विचारणं फार गरजेचं आहे. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक आपण घेतो, कुत्र्यालाही देतात, पण सशाच्या पोटात गेलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा स्प्रेसुद्धा सशाला विषारी. नसबंदीचं म्हणाल तर मादीला पुढे गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून ती टाळू नका. दुकानात नर-मादी बऱ्याचदा चुकीचं सांगतात. "दोन्ही माद्या आहेत" म्हणून जोडी आणली आणि त्यातला एक नर निघाला, तर गर्भकाळ जेमतेम 30-31 दिवसांचा असतो, हे लक्षात ठेवा.

आता जमीन. फरशीवर चक्क पालथं झोपा आणि तिथून घर बघा. चार्जर, वायफायची केबल, फ्रिजची वायर, सगळं सशाच्या तोंडाच्या उंचीवर आलेलं दिसेल. तो वायर कुरतडत बसत नाही, एका चाव्यात कापतो, आणि कापलेलं टोक इतकं साफ असतं की कात्री लावली असं वाटावं. इलेक्ट्रिकच्या दुकानात केसिंग-पट्टी मिळते, ती सगळ्या वायरींवर बसवून घ्या. फ्रिजमागची आणि दिवाणाखालची फट प्लायच्या तुकड्याने बंद करा. मुंग्यांचा खडू, झुरळांची जेल, डांबरगोळ्या, उंदरांचं औषध यातलं काहीही खाली ठेवायचं नाही. मनीप्लांट, डिफेनबाकिया, कण्हेर या कुंड्या उंच किंवा घराबाहेर. गुळगुळीत टाइल्सवर सशाचे पाय घसरतात, कारण त्याच्या तळव्यांना गादी नसते, नुसते केस असतात. धागे न सुटलेली सतरंजी अंथरलीत तर तो बिनधास्त पळेल.

गॅलरीत ठेवायचा विचार असेल तर कृपा करून सोडून द्या. तिथे मांजर, घार, कावळे हे सगळं आहेच, पण खरी भीती उन्हाची. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून सोडतो. पारा 30 अंशांच्या वर गेला की त्याला धोका सुरू होतो, आणि आपल्याकडे मार्चपासूनच तसं ऊन असतं. उन्हाळ्यात दुपारी त्याला कूलर किंवा एसीच्या खोलीतच ठेवा. शिवाय शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली जवळ असू द्या, तो स्वतःच जाऊन टेकतो.

खाण्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज गाजराचा. गाजर गोड असतं, कधीतरी बोटभर तुकडा पुरे. त्याचं खरं जेवण म्हणजे सुकं गवत, दिवसरात्र समोर हवं. दात आयुष्यभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. टिमोथी गवताची पाकिटं ऑनलाइन मिळतात. फवारणी न झालेली हरळीही चालते, बुरशी लागलेलं काहीच नको. लसूणघास फक्त पिल्लांना, सहा महिन्यांनंतर बंद. सोबत धुतलेली कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला. पोळी, पाव, बिस्किट अजिबात नाही. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा, प्रेमाने दिलेलं बिस्किटच त्याचं पोट बिघडवतं.

आता तुमचा पिंजरा. तळाला जाळी असलेला घेऊ नका, पायांना जखमा होतात. त्यापेक्षा घडीचं लोखंडी कुंपण मिळतं, ते चार बाय चार फुटांपेक्षा लहान नको, आणि रोज काही तास त्याला खोलीत मोकळं सोडायचं. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा उथळ टब, त्यात वर्तमानपत्र आणि वर गवत. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत तिथेच ठेवलं की जागेची सवय लवकर लागते. मांजराच्या टबात घालतात ती, ओली झाली की गोळा होणारी वाळू वापरू नका, पोटात गेली तर अडकते.

मुलीला एक गोष्ट आधीच शिकवा: उचलायचं नाही, कान तर धरायचेच नाहीत. सशाने घाबरून जोरात लाथ मारली तर त्याचाच कणा मोडू शकतो. तिने जमिनीवर बसावं, तो आपणहून मांडीशी येतो. ससा 8 ते 12 वर्षं जगतो, म्हणजे ती कॉलेजात जाईल तेव्हाही तो असेल. त्याचं सगळं तुम्हालाच करायचंय असं धरूनच आणा.

गावाकडून कुणी शेतात सापडलेलं पिल्लू देत असेल तर घेऊ नका. तो रानससा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि घरात तो जगतही नाही. दुकानातून घेणार असाल तर आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू आणू नका. आधी जे खात होतं तेच पहिला आठवडा द्या, नवं हळूहळू मिसळा. रोज सकाळी टबात डोकवा. लेंड्या गोल, कोरड्या आणि भरपूर हव्यात. त्या थांबल्या किंवा त्याने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, तर सकाळची वाट न बघता त्या डॉक्टरांना फोन लावा.